धर्म शिकवायचाय? आधी ताटी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही शहाद्याकडच्या एका महाविद्यालयात मराठीचे सहायक प्राध्यापक म्हणून नुकतेच रुजू झालात. ‘धर्म, साहित्य आणि कला’ हा दोन क्रेडिटचा पेपर विभागात दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणून तो तुमच्याकडे आला. वर्गात पाटलांची, भिलांची, पावरांची, मुसलमानांची, बौद्धांची मुलं शेजारीशेजारी बसतात. कीर्तनाच्या अंगाने बोललं तर काही मुलं गप्प होतात, चिकित्सा केली तर बाकीची दुखावतात; मग शिकवायचं काय, असं तुम्ही विचारलंय. आणि पीएचडीसाठी ‘खानदेशातील संतसाहित्यातील भक्तिभावना’ हा विषय घ्यावा का, हेही विचारलंय.

मी जळगाव जिल्ह्यात 26 वर्षं मराठी शिकवते आहे. हा विषय निरनिराळ्या नावांनी माझ्याकडे आला आणि मी तो आनंदाने घेतला. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी पहिल्या तासाचं बोलू. फळ्यावर ‘धर्म म्हणजे काय’ असं लिहून सुरुवात करू नका. ते वाक्य दिसलं की प्रत्येक मूल आपल्या घरचा वकील होऊन बसतं आणि पुढचे पंधरा तास तुम्ही न्यायाधीश. त्याऐवजी एखादी वस्तू घेऊन वर्गात जा. चार ओळींचा अभंग, भिंतीवरचं एखादं चित्र, एखादा शिलालेख, रात्रीच्या जागरणात म्हटलं जाणारं गाणं, काहीही चालेल. ही वस्तू कुणी घडवली, कुणी वापरली, कुठे उभं राहून, कोणत्या वेळी, कुणाला उद्देशून, एवढंच विचारत राहा. श्रद्धा खरी की खोटी हा प्रश्न आपल्या विषयात कधी विचारावाच लागत नाही. ती श्रद्धा शब्दात, रंगात, चालीत कशी उतरली हे नीट पाहण्यातच सगळे तास संपतात.

मुक्ताबाईचे ताटीचे अभंग घ्या. मुक्ताईनगर आपल्याच पट्ट्यात. तिथल्या कोथळीहून ज्येष्ठात तिची पालखी निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. वर्गातल्या एखाद्या तरी मुलीची आजी त्या वाटेने गेलेली असतेच. कथा सगळ्यांना पाठ असते: लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीत शिरून दार लावून बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून विनवलं, ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’. मी बरीच वर्षं हे अभंग पुस्तकी पद्धतीने शिकवले. बहीणच गुरू कशी झाली, क्षमा म्हणजे काय, ‘योगी पावन मनाचा, साही अपराध जनांचा’ या ओळीचा अर्थ काय. मुलं लिहून घ्यायची.

एका वर्षी मी नुसतं विचारलं, ताटी कुणी पाहिलीय? यावलकडचा एक मुलगा उठला. त्यांच्या मळ्यातल्या झोपडीला ताटी होती, तुराट्यांची, मधे बांबूच्या कामट्या, एका बाजूला दोरीने बांधलेली. कशी उघडते, विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, ती आतूनच उघडावी लागते असं काही नाही. बाहेरून ढकलली तरी सरकते. कुत्रंसुद्धा ढकलून आत येतं.’ वर्ग शांत झाला. मीही. इतकी वर्षं मी ‘ताटी’ म्हणजे ‘दार’ असा अर्थ सांगून पुढे जात होते. लाकडी दार, कडी, कोयंडा असलं काहीतरी माझ्या मनात होतं. ताटी सहज ढकलता येते हे कळल्यावर सगळ्या अभंगांचा तोल बदलतो. मुक्ताबाईला आत जायला कुणाची अडकाठी नाही. ती ढकलत नाही, भावाने स्वतः उठून उघडावी म्हणून बाहेर उभी राहते. धाकट्या बहिणीचा अधिकार आणि तिची मर्यादा, दोन्ही त्या न ढकललेल्या ताटीत आहेत. त्या दिवशी आम्ही क्षमेवर जे बोललो ते कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही. आणि बोलणाऱ्यांत एक मुसलमान मुलगी होती, जी तोवर त्या पेपरला गप्प बसायची. तिच्या नानीच्या घरी ताटी होती.

म्हणून मी म्हणते, वस्तूकडे बघा. ताटी सगळ्यांच्या घरची असते.

दुसरी वस्तू जरा दूरची, तरी सोडू नका. रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात असलं तरी ती जुन्या खानदेशाची राजधानी. फारुकी सुलतानांनी 1382 पासून 1601 पर्यंत या मुलखावर राज्य केलं. त्यांच्या सुरुवातीच्या कबरी आपल्या शिरपूर तालुक्यात थाळनेरला आहेत. बुऱ्हाणपूरची जामा मशीद आदिलशाह फारुकीने, म्हणजे राजा अली खानने बांधली. त्या मशिदीत अरबी लेख आहेत आणि एक लेख संस्कृतात, देवनागरी लिपीत कोरलेला आहे, शके 1511 चा. मशीद पूर्ण झाल्याचा काळ त्यात संवत, शके, तिथी आणि नक्षत्रासह पंचांगाच्या रीतीने दिला आहे. आणि लेखाच्या सुरुवातीला सृष्टिकर्त्याला नमन आहे. तो ईश्वर कसा? अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत.

ही विशेषणं मुलांपुढे ठेवा आणि विचारा, हा कोणाचा देव? ज्यांनी ज्ञानेश्वरी वाचलीय ते म्हणतील आमचा. ज्यांनी मदरशात चार वर्षं काढलीत ते म्हणतील आमचा, कारण अल्लाहला रूप नाही, तो सगळीकडे आहे, तो कायम आहे. मग पुढचा प्रश्न विचारा, तो जास्त महत्त्वाचा आहे. लिहिणाऱ्या पंडिताने शेकडो शब्दांतून नेमके हेच का निवडले? ‘चक्रपाणि’ का नाही, ‘उमापति’ का नाही? इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की भाषांतर हेही धर्माचं काम आहे. एका परंपरेच्या शब्दकोशातून दुसरीला चालतील असे शब्द वेचणारा माणूस तिथे बसला होता आणि त्याला दोन्ही बाजूंची जाण होती. ‘सर्वधर्म एकच आहेत’ असं भाषण करू नका. त्या लेखातून तसं सिद्ध होत नाही आणि मुलांनाही ते कृत्रिम वाटतं. फक्त निवड दाखवा. सहल नेणार असाल तर नमाजाच्या वेळा आधी विचारून घ्या, मुलींना ओढणी आणायला सांगा, आणि लेखाचं वाचन वर्गात आधीच करून जा. तिथे अक्षरं जुळवण्यात वेळ घालवला तर वास्तू बघायची राहून जाते.

अजिंठ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. जळगावहून साठेक किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात हे विसरून बस ठरवू नका. मुलांना सगळी लेणी दाखवायच्या फंदात पडू नका. 17 क्रमांकाच्या लेण्यात एकच जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एकच कथा घ्या, विश्वंतर. हा राजपुत्र मागेल त्याला मागेल ते देतो, शेवटी पोटची मुलंही देऊन टाकतो. दरवर्षी कुणीतरी चिडून विचारतं, असा बाप पूजनीय कसा? उत्तर देण्याची घाई करू नका. भिंतीवर बायकोचा चेहरा कसा आहे, मुलं मागणाऱ्या जूजक ब्राह्मणाचा कसा आहे, मुलं कुठे आहेत, हे आधी पाहायला लावा. चित्रकाराला हा प्रश्न पडला होता की नाही, हे त्याच्या कुंचल्यात शोधायचं. या लेण्याचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. ते वाकाटक सम्राट हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने, पाचव्या शतकात, करवून घेतलं. त्याचा मुलूख ऋषिक देश, म्हणजे आजचा खानदेश, असं वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी मांडलं आहे. म्हणजे आपल्याच मातीतल्या महसुलातून ती भिंत रंगली. हे सांगितलं की जामनेरची मुलं जरा ताठ उभी राहतात, आणि मला ते आवडतं.

आता कानबाई. इथे मी माझी चूक सांगते, कारण तुम्ही ती करू नये.

खानदेशात घरोघरी बसणारी ही देवी तुम्हाला सांगायला नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, नारळाला नथ, मंगळसूत्र, साडी, रात्रभर जागरण आणि गाणी, सोमवारी नदीवर निरोप. मुंबई-सुरतेत स्थिरावलेली भावकी या दोन दिवसांसाठी गावी येते. सुरुवातीच्या काळात एका तासाला मी कानबाई ही मुळात धान्याची देवता कशी, तिचं नाव कशावरून आलं असेल, आर्य-अनार्य वगैरे, असं अर्धा तास बोलले. मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर आली. रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. म्हणाली, ‘मॅडम, आमच्या घरी ती पाहुणी येते. आई तिच्याशी बोलते. तुम्ही सांगितलेली कोणती कानबाई?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्युत्पत्ती मला माहीत होती, ते बोलणं मी ऐकलेलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी एका ओळखीच्या घरी गेले. सत्तरीच्या आजी, गावातली सगळी गाणी त्यांच्याकडे. मी टेप लावला आणि म्हटलं, म्हणा. त्या हसल्या. ‘आते कशी म्हनू माय? कानबाई बठेल नही शे. तू श्रावनमा ये, तवय म्हनसू.’ मला वाटलं, संकोच असेल, म्हणून दोनदा आग्रह केला. तेव्हा त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं की देवी बसलेली नसताना तिला बोलावणारं गाणं म्हटलं तर ती येईल, आणि पाट रिकामा. मी टेप बंद केला. माझ्या लेखी ते ‘लोकगीत’ होतं, कधीही कुठेही म्हणता येणारा मजकूर. त्यांच्या लेखी ती हाक होती. हाक मारली की कुणीतरी ओ देतं. साहित्याची व्याख्या मी पुस्तकात वाचली होती, पण शब्द काय करतो हे मला त्या ओसरीवर समजलं.

श्रावणात गेले. टेप नेला नाही, पीठ मळायला बसले. त्या घरात रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, गहू मोजताना घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा-सव्वा मूठ काढत होते. लहान नातवाचंही नाव, सुरतेत राहिलेल्या दिराचंही. मोजणी पुरुषांची, आणि मोजणाऱ्या, दळणाऱ्या, गाणाऱ्या सगळ्या बायका. गाण्यात मात्र पुरुष जवळजवळ नाहीतच. देवी आणि तिला घरी आणणाऱ्या, नटवणाऱ्या, निरोप देणाऱ्या बायका. एकाच घरात एकाच रात्री धर्माचे हे दोन हिशेब शेजारीशेजारी चालतात, एक मुठीत आणि एक गळ्यात. नुसती गाण्याची वही वाचून हे कधीच दिसलं नसतं. नुसता विधी पाहूनही नाही. आपल्या पेपरच्या नावात धर्म, साहित्य आणि कला हे तीन शब्द एकत्र आहेत ते याच कारणासाठी, निदान मी तरी तसं समजते.

तुमच्या भागातल्या आदिवासी मुलांबाबत एक सूचना. जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात काय लिहावं हा वाद त्यांच्या घरात आणि संघटनांत चालू आहे. वर्गात तो तुम्ही सोडवायला जाऊ नका, तो त्यांचा आहे. त्यांना होळीबद्दल विचारा. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. होळीत बावा, बुध्या अशी सोंगं घेणारे लोक आधी काही दिवस पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात. पाळणीत काय टाळायचं, कमरेला काय बांधायचं, ढोल कधी थांबतो, हे तो मुलगा सांगेल तेव्हा तो शिक्षक आणि तुम्ही विद्यार्थी. माझा अनुभव असा की हा क्रम एकदा उलटला की ती मुलं पुढे शेक्सपिअरवरही बोलतात. तळोद्याकडची गुलाम महाराजांची परंपराही आहे. एकमेकांना ‘आप की जय’ म्हणणारे, आरतीला जमणारे, दारू सोडणारे हजारो लोक. आरती या रचनाप्रकाराने एका समाजाचं वागणं कसं बदललं, यावर एक सुंदर प्रबंध होऊ शकतो.

मन दुखावण्याची भीती तुम्हाला वाटते ती रास्त आहे. मी एक नियम ठेवला आहे आणि पहिल्याच तासाला सांगते: दुसऱ्याच्या घरच्या वस्तूबद्दल बोलताना आधी तिचं वर्णन करायचं, ते त्या घरच्या मुलाला मान्य झालं पाहिजे, मगच मत मांडायचं. बहुतेक भांडणं वर्णनाच्या पायरीवरच विरतात, कारण वर्णन चुकतंय हे समोरचा दाखवतो आणि बोलणारा ऐकतो. जातीचा प्रश्न मात्र टाळू नका. कुणाला देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत येऊ दिलं, हा कलेचा आणि धर्माचा भागच आहे. चोखामेळ्याचे अभंग वाचताना उंबरठा हा शब्द तसाच शिकवा जशी ताटी शिकवली. तिथे हळवं होऊन पुढे सरकलात तर बौद्ध मुलांना ते लगेच कळतं.

आता पीएचडी. ‘खानदेशातील संतसाहित्यातील भक्तिभावना’ हा विषय घेऊ नका, स्पष्टच सांगते. ‘भावना’ या शब्दाने संपणारे प्रबंध मी पुष्कळ तपासले. पहिलं प्रकरण खानदेशचा भूगोल, दुसरं भक्तीची व्याख्या, तिसऱ्यापासून उतारे. तीन ते सहा वर्षांत एका माणसाला खरोखर काय नवं पाहता येईल ते निवडा. एक विधी, एक तालुका, एक पोथी. भुलाबाईची गाणी घ्यायची तर तीन गावं घ्या आणि एकच गाणं तिन्ही ठिकाणी कसं बदलतं ते दाखवा. वहीगायन ही इथली लोककला घ्यायची तर एक फड धरा आणि दोन हंगाम त्यांच्याबरोबर फिरा. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रामरथ 1872 पासून निघतो. रथ कोणत्या गल्लीत किती थांबतो, कोण काय म्हणतं, कुठल्या दर्ग्यापुढे काय होतं, एवढ्याचाच नकाशा काढलात तरी ते शहर उलगडेल.

कागदावर काम करायची आवड असेल तर धुळे सोडून कुठे जायची गरज नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या निधनानंतर 1927 मध्ये उभं राहिलेलं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी उभारलेलं समर्थ वाग्देवता मंदिर, या दोन ठिकाणच्या हस्तलिखितांना अजून कितीतरी वाचक हवे आहेत. पण आधी मोडी शिका. सहा महिने रोज एक पान. महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा, फोटोची परवानगी लेखी घ्या, आणि पहिल्या दिवशी काहीच मागू नका, सूची वाचा. आणि अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर एकदा बघाच. 1916 मध्ये प्रताप शेठजींनी ते काढलं आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे विचारवंत तिथे राहून गेले. आपल्या भागात धर्माचा तत्त्वज्ञानाच्या बाजूने गंभीर अभ्यास शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. आपण ओसरीवरून, ओवीच्या बाजूने त्याच घरात शिरतो आहोत.

मूळ पाठ अहिराणीत, भिलीत, लेवा गणबोलीत जसा ऐकला तसाच छापा आणि खाली मराठी अर्थ द्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले होते, एवढी बोली कशाला, प्रमाण मराठीत गोषवारा पुरे. ती रडवेली झाली. मी तेव्हा हवं तितक्या ठामपणे बोलले नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाईंचं नाव आहे, त्याच्या हद्दीत बोलीसाठी कुणाची परवानगी मागायची? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी त्यांचे शब्द जसे होते तसे उतरवून ठेवले, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये तो संग्रह निघू शकला. कुणी ‘घरोट’ खोडून ‘जातं’ लिहिलं असतं तर आज आपल्या हातात काय उरलं असतं?

शेवटचं, आणि यावर मी अडून बसते. ज्याने गाणं दिलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवा. माझ्याकडच्या एका प्रबंधात एका कुटुंबाच्या नवसाचे शब्द नावागावासकट छापले गेले. त्या घराने ते शब्द आमच्यावर विश्वास ठेवून सांगितले होते, प्रसिद्ध करायला नव्हे. प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली, आणि त्या घराचा आमच्याशी बोलण्याचा रस्ता बंद झाला. ती चूक विद्यार्थ्याची जितकी, तितकी मार्गदर्शक म्हणून माझी. यूजीसीने संशोधन-नीतीचा कोर्स सक्तीचा केलाय, तो कराच, पण त्यात हे कुणी शिकवत नाही.

तर आधी विषय बदला, सिनॉप्सिस सावकाश लिहा. श्रावणात दोन दिवसांची रजा काढून कानबाईला आमच्याकडे या. त्या आजी आता नाहीत, त्यांची सून गाते. पहिल्या वर्षी रेकॉर्डर आणू नका. सकाळी नऊपर्यंत पोहोचलात तर गहू मोजताना बसायला मिळेल.